एकोणतिसाव्या लेव्हलच्या पुढे

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात विलिस गिब्सन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा टेट्रिस खेळत बसला होता. खेळायला लागून जवळपास अडतीस मिनिटं झाली होती. १५७वी लेव्हल चालू असताना त्याने एक ओळ पुरी केली आणि पडदा जागच्या जागी गोठला. गेम बंद पडला. निन्टेंडोच्या जुन्या एनईएस यंत्रावरचा टेट्रिस कुणा माणसाने खेळून खेळून कोसळवल्याची ही पहिली नोंद. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. गेम १९८९ सालचा. मुलगा त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेला.

जुने व्हिडिओ गेम पुन्हा लोकप्रिय का होतात, असं विचारलं की बहुतेक जण ‘आठवणी, दुसरं काय!’ असं म्हणून मोकळे होतात. त्यात तथ्य आहेच. वय वाढल्यावर माणसाला आयुष्यातला जो काळ सर्वांत ठसठशीत आठवतो तो साधारण दहा ते तीस या वयातला, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळदा तपासून पाहिलेलं आहे. १९९०च्या आसपास अभ्यास टाळून मारिओ खेळणारी पोरं आता कमावती झाली आहेत, आणि तेव्हा हट्ट करूनही जे मिळालं नाही ते घेण्याची ऐपत त्यांच्यात आली आहे. नोव्हेंबर २०१६मध्ये निन्टेंडोने तीस जुने गेम आत भरलेलं, तळहातावर मावेल एवढं एनईएस विकायला काढलं. ते दुकानांत टिकेना. गिऱ्हाईक मागत असतानाच कंपनीने पुढच्या एप्रिलमध्ये उत्पादन थांबवलं, तोवर तेवीस लाख यंत्रं खपली होती. ओरड इतकी झाली की २०१८मध्ये ते पुन्हा आणावं लागलं.

पण आठवणीपोटी घेतलेलं यंत्र दोन-चार संध्याकाळी चालतं आणि मग टीव्हीखालच्या कप्प्यात जाऊन बसतं. शिवाय विलिसला कसली आठवण येणार? त्याने हा गेम पहिल्यांदा पाहिला तो अकराव्या वर्षी, यूट्यूबवर. आठवणीवर गेम विकता येतो. तो वर्षानुवर्षं रोज खेळला जावा यासाठी दुसरंच काही लागतं, आणि ते काय असतं हे टेट्रिसमध्ये फार स्वच्छ दिसतं.

अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात लिहिला. ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या त्यांच्या संगणकाला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या खुणा जोडून बनवले होते. पुढे हक्कांवरून जी ओढाताण झाली तिच्यावर २०२३मध्ये अख्खा चित्रपट निघाला. तो भाग इथे सोडून देऊ. आपल्याला पाहायची आहे ती १९८९ची एनईएस आवृत्ती.

दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच अशी चौकट. यंत्र सेकंदाला साठ वेळा पडद्यावरचं चित्र नव्याने काढतं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सुरुवातीच्या लेव्हलला ठोकळा एक घर खाली यायला ४८ फ्रेम घेतो. एकोणिसाव्या लेव्हलला दोन. एकोणतिसाव्याला फक्त एक. म्हणजे वरून निघालेला ठोकळा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात तळाला. दुसरीकडे, बटण दाबून धरलं तर ठोकळा आधी एक घर सरकतो, मग सोळा फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर सहा फ्रेमला एकेक घर सरकतो. हिशेब तुम्हीच करून पाहा: ठोकळा कडेपर्यंत सरकायच्या आत जमिनीला टेकलेला असतो. म्हणून एकोणतिसावी लेव्हल म्हणजे गेमचा शेवट, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यापुढे कुणी जाईल असं बनवणाऱ्यांच्याही डोक्यात नसावं.

ती भिंत आधी अंगठ्याने फोडली. बटण दाबून न धरता अंगठा थरथरवत सेकंदाला दहा-बारा वेळा दाबायचं, म्हणजे यंत्राने घातलेली वेगाची मर्यादा चुकवता येते. १९९०ची निन्टेंडो जागतिक स्पर्धा जिंकणारा थॉर आकरलुंड हे करत असे. पण ही कला कित्येक वर्षं त्याच्यापाशीच राहिली, कारण ती कुणाला दिसत नव्हती. १९९०मध्ये टेट्रिस खेळणाऱ्या पोराला आपण किती चांगलं खेळतो हे ठरवायला शेजारचा मुलगा, फार तर एखादं मासिक, एवढंच साधन होतं.

२०१०मध्ये लॉस एंजेलिसला मूठभर हौशी लोकांनी क्लासिक टेट्रिसची जागतिक स्पर्धा सुरू केली. जुनीच यंत्रं, जुनेच काचेच्या नळीचे टीव्ही. पहिल्या आठ स्पर्धांपैकी सात जोनास न्यूबाउर यांनी जिंकल्या. खेळाडू तिशी-पस्तिशीचे, म्हणजे लहानपणी हाच गेम खेळलेले. इथपर्यंत आठवणींचा सिद्धांत चोख बसतो. पण सामन्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर चढत होते, आणि तिथे वेगळीच मंडळी ते पाहत होती. २०१८च्या अंतिम फेरीत न्यूबाउर यांच्यासमोर जोसेफ सेली हा सोळा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि अंगठा थरथरवत त्याने त्यांना हरवलं. त्या सामन्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. दोनच वर्षांनी, २०२०मध्ये, तेरा वर्षांच्या मायकेल आर्टियागाने अंतिम फेरीत सख्ख्या भावाला हरवून किताब घेतला.

नंतर ‘रोलिंग’ आलं. कंट्रोलर हातात धरायचा, अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं एकामागून एक कंट्रोलरच्या पाठीवर आपटायची. प्रत्येक बोटाच्या धक्क्याने बटण अंगठ्यावर दाबलं जातं आणि सेकंदाला वीसच्या वर टिचक्या सहज पडतात. ही युक्ती २०२०-२१च्या सुमारास पसरली. एकोणतिसावी लेव्हल मग भिंत उरलीच नाही. सामने संपेनात, तेव्हा स्पर्धेच्या आयोजकांना गेममध्ये फेरफार करून ३९व्या लेव्हलपासून वेग दुप्पट करावा लागला.

मूळ गेममध्ये पुढे काय असतं, हे तोवर कुणा माणसाने खेळून पाहिलंच नव्हतं. १३८व्या लेव्हलपासून रंग बिघडतात, कारण रंगांची यादी संपलेली असते आणि प्रोग्रॅम शेजारच्या भलत्याच आकड्यांना रंग समजून वाचू लागतो. १४८व्या लेव्हलला तर काळ्या पडद्यावर जवळजवळ काळेच ठोकळे पडतात. आणि गेम कोसळतो तो गुणांच्या बेरजेमुळे. जितकी लेव्हल तितक्या पट गुण द्यायचे असतात, पण गुणाकार करण्याऐवजी प्रोग्रॅम तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत बसतो. दीडशेच्या पुढे ती बेरीज एका फ्रेमच्या वेळात आटपत नाही. पुढची फ्रेम येऊन आदळते, अर्धवट काम तसंच राहतं, प्रोग्रॅम वाट चुकतो. कोणत्या लेव्हलला, कशी ओळ पुरी केली की हे घडतं याची कोष्टकं चाहत्यांनी मशीनच्या भाषेतला कोड वाचून आधीच तयार केली होती. विलिसला आपण कशाच्या मागे आहोत हे नेमकं माहीत होतं.

या सगळ्यात मूळ गेमचा एक बाइटही बदललेला नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. आजचे ऑनलाइन गेम दर काही आठवड्यांनी बदलतात. शस्त्राची ताकद कमी होते, नकाशा नवा येतो, सीझन संपतो. दोन वर्षांपूर्वीचा तुमचा विक्रम आज मोजायचा तरी कशावर? जुना गेम मात्र गोठलेला आहे. १९९०मधल्या आणि २०२३मधल्या खेळाडूसमोर ठोकळे त्याच वेगाने पडतात, त्यामुळे तीस वर्षांच्या अंतरावरची माणसं एकमेकांशी स्पर्धा करू शकतात. जो गेम बदलत नाही त्यातच माणसं बदलतात ते दिसतं. यूट्यूब आणि ट्विच या व्हिडिओच्या साइट आल्यावर ते सगळ्यांना दिसू लागलं.

कंपन्यांना हे उशिरा कळलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचे जुने खेळाडू मूळ आवृत्ती परत मागत होते आणि ब्लिझर्ड कंपनी त्यांना, तुम्हाला वाटतं तितकं ते तुम्हाला नको आहे, अशा थाटात वाटेला लावत होती. शेवटी काही चाहत्यांनी ‘नॉस्टॅलरियस’ नावाचा स्वतःचा सर्व्हर चालवला. कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०१६मध्ये तो बंद पाडला तेव्हा त्यावर आठ लाखांच्या घरात खाती होती. ऑगस्ट २०१९मध्ये ब्लिझर्डने स्वतःच ‘क्लासिक’ आवृत्ती काढली आणि लोक सर्व्हरबाहेर तासन्‌तास रांगेत थांबले. ‘रूनस्केप’ या ऑनलाइन गेमची कथा त्याआधीची. कंपनीच्या हाती २००७ सालची एक बॅकअप प्रत लागली, खेळाडूंचं मतदान घेतलं गेलं आणि २०१३मध्ये ती सुरू झाली. पुढे ती मुख्य गेमलाही मागे टाकून गेली.

निन्टेंडोच्याच ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’चं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००१ सालचा हा गेम. २०१३मध्ये ‘ईव्हो’ या मारामारीच्या गेमांच्या मोठ्या स्पर्धेत एक जागा रिकामी होती, आणि स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ज्या गेमचे चाहते सर्वाधिक देणगी देतील त्याला ती मिळणार होती. मेलेच्या चाहत्यांनी चौऱ्याण्णव हजार डॉलरांवर रक्कम जमवून जागा पटकावली. यावर निन्टेंडोने काय करावं? सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाला मनाई केली. बोंबाबोंब झाल्यावर काही तासांत ती मागे घेतली. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला गेम लोकांनी बारा वर्षं जपला आणि मालकाला आठवण झाली ती नोटीस पाठवायची!

गेम जपायचा म्हणजे करायचं काय, तेही पाहायला हवं. यंत्रं मरतात. म्हणून नव्या संगणकावर जुन्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. जुन्या यंत्राचा प्रोसेसर कोणत्या आज्ञेला किती वेळ घेई, आवाजाची चिप कशी वागे, हे सगळं त्यात उतरवावं लागतं. पार्लरमधल्या गेमांसाठी १९९७ साली सुरू झालेला ‘मेम’ हा असाच प्रकल्प हौशी प्रोग्रॅमरनी चालवला आहे. सोनीने अशा एम्युलेटरांविरुद्ध अमेरिकेत खटले भरले, पण ‘कनेक्टिक्स’विरुद्धचा खटला २०००मध्ये अपिलात हरली. पुढची गंमत अशी की २०१८मध्ये सोनीने जुन्या प्लेस्टेशनची छोटी आवृत्ती काढली तेव्हा तिच्या पोटात चालत होता तो हौशी लोकांनीच लिहिलेला एक खुला एम्युलेटर.

या गेमांचा इवलेपणाही त्यांच्या पथ्यावर पडला. एनईएसवरचा पहिला सुपर मारिओ ब्रदर्स चाळीस किलोबाइटचा आहे. सकाळी काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ‘शुभ प्रभात’चं फूल त्याहून मोठं असतं. जागा वाचवायला त्यात ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलंय, फक्त रंग वेगळा दिलाय. एवढासा गेम कुठल्याही फोनवर चालतो, लगेच सुरू होतो, लॉगिन मागत नाही, जाहिरात दाखवत नाही. उजवीकडे चाला, उडी मारा, एवढं कळलं की खेळता येतो. नवा गेम उतरवून घ्यायलाच तास लागतो, मग अपडेट आणि मग अर्ध्या तासाची शिकवणी. कॉलेजातल्या मुलाला जुना गेम आवडतो तेव्हा तो आपल्या वडिलांच्या बालपणात शिरत नसतो. त्याला या कटकटीतून सुटका हवी असते.

महाराष्ट्रात या प्रकरणाला एक वेगळा पदर आहे. आपल्याकडच्या चाळिशीतल्या माणसाला ‘टीव्हीचा व्हिडिओ गेम’ म्हटल्यावर जे यंत्र आठवतं ते बहुतेक निन्टेंडोचं नसतंच. ती त्याची स्वस्त नक्कल असते. सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं, आत मोजून दहा-बारा गेम, तेच पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. (फुंकरीने काही होत नसे. पुन्हा बसवताना पिना नीट टेकत, म्हणून चाले; उलट थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजत.) बदकं मारायच्या गेमची बंदूक तर आता घरातल्या टीव्हीवर चालणारच नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई आणि बंदुकीतला प्रकाश ओळखणारा डोळा तो चौकोन दिसतो का ते पाही. नळीच्या टीव्हीवर हे चित्र ठरलेल्या क्षणी उमटत असे. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि तेवढ्यात नेम हुकतो. काही गेम परत येत नाहीत ते असे.

पण गेम परत न येण्याचं मोठं कारण यंत्रं नव्हेत, हक्क. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याच्यावर रांग लागे तो ‘मुस्तफा’ घ्या. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला, मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिक्सवर बेतलेला गेम. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एक. आपल्या पोरांनी पिवळ्या टोपीवाल्या त्या पात्राचं नाव अख्ख्या गेमला देऊन टाकलं. कॅपकॉमने आपले कितीतरी जुने गेम पुन्हा विकले, पण हा नाही, कारण गेम कंपनीचा असला तरी पात्रं परक्या मालकीची आहेत. घरगुती यंत्रासाठीही तो कधी निघाला नाही. आज मुस्तफा खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण एम्युलेटरवर, कायद्याच्या काठावर बसून खेळतो. हा अपवाद नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के कोणत्याही दुकानात नव्याने मिळत नव्हते. म्हणजे आपण ज्याला जुन्या गेमांची लाट म्हणतो ती उरलेल्या तेरा टक्क्यांची. याच काळात, जुलै २०२१मध्ये, सुपर मारिओ ६४ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. सील फोडलं की किंमत जाणार, म्हणजे ती कुणी खेळणार नाही. या व्यवहाराला गेमची लोकप्रियता म्हणणं मला तरी जमत नाही.

नव्याने बनवून गेम परत आणणं हा आणखी एक मार्ग. तो दिसतो तितका सोपा नाही, हे पुण्या-मुंबईने जवळून पाहिलं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सर बाहेर गेले की सुरू होणारा ‘प्रिन्स’ म्हणजे जॉर्डन मेक्नर यांचा १९८९चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. त्याच मालिकेतल्या २००३ सालच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती यूबिसॉफ्ट कंपनीने सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर केली आणि काम आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं. पहिली झलक पाहून चाहते बिथरले: चेहरे जुनाट दिसतात, प्रकाश भडक आहे. तारखा पुढे गेल्या आणि २०२२मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. चाहते नवं चित्र २००३च्या चित्राशी ताडून पाहत नव्हते, मनात उरलेल्या चित्राशी ताडत होते. ते चित्र दरवर्षी थोडं अधिक देखणं होत जातं. कोणत्या स्टुडिओने त्याची बरोबरी करावी?

मूळ प्रिन्सचं नशीब मात्र थोर. त्याचा कोड मेक्नर यांनी हरवला असंच धरलं होतं. २०१२मध्ये त्यांच्या वडिलांना कपाटात एक खोकं सापडलं, त्यात साडेतीन इंची फ्लॉपी होत्या. फ्लॉपीवरचं चुंबकत्व काळाने उतरतं, त्यामुळे वीसेक वर्षांनी त्या वाचता येतील याची खात्री नव्हती. जुनी यंत्रं बाळगणारे दोन जाणकार मदतीला आले, एकेक फ्लॉपी वाचली गेली आणि मेक्नर यांनी तो सगळा कोड इंटरनेटवर खुला केला. त्यावरून लोकांनी गेमची रचना अभ्यासली, तो नव्या यंत्रांवर नेला.

नव्वदच्या दशकात आपल्याकडेही कुणी शाळेच्या प्रकल्पासाठी, कुणी हौसेने छोटे गेम आणि प्रोग्रॅम लिहिले. ते तुमच्या घरी फ्लॉपीवर किंवा सीडीवर पडून असतील, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत खोकं भंगारवाल्याला देऊ नका. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. एक आणा आणि आतलं सगळं उतरवून घ्या, पण लवकर.